सिलेंडर किती पळेल? हवेच्या पिस्टनची स्पीड काढायचा वर्कशॉपातला हिशोब

एसपीएम (एखाद्या ठरावीक कामासाठी बनवलेलं खास मशीन) बनवणाऱ्या कुठल्याही शॉपमध्ये हा सीन एकदा तरी होतोच. मशीन उभं राहिलंय, ट्रायल चालू आहे, पार्टी हातात स्टॉपवॉच घेऊन उभी आहे आणि सायकल टाइम दीड सेकंद जास्त येतोय. मग कोणीतरी पुढे होतो आणि एफआरएलचं (हवा गाळणारं आणि प्रेशर ठरवणारं युनिट) नॉब फिरवून प्रेशर ६ बारवरून ८ बार करतो. सिलेंडर होता तसाच चालतो, फक्त शेवटी धाडकन आपटायला लागतो. आमच्याकडे तर एकाने त्याच्याही पुढे जाऊन "सिलेंडर छोटा पडतोय" म्हणून ५० बोअर (आतला व्यास ५० मिमी) काढून ६३ बसवला आणि ते अजून स्लो झालं, वर आपण नवीन सिलेंडरचे पैसे घातले ते वेगळेच.

म्हटलं एकदा नीट लिहून काढू. यात कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. फक्त आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, की पिस्टन पुढे जातो तो मागून हवा ढकलते म्हणून हे खरं, पण तो किती जोरात पळणार ते ठरतं पुढची हवा किती पटकन बाहेर पडते त्यावर. दादरला लोकल थांबली की आतले उतरल्याशिवाय बाहेरचे चढू शकत नाहीत, प्लॅटफॉर्मवरून कितीही रेटा द्या. तसंच आहे हे.

आधी एरिया

स्पीड म्हणजे फ्लो भागिले एरिया, एवढंच मूळ गणित. आयएसओ १५५५२ वाल्या स्टँडर्ड सिलेंडरचे एरिया पाठ असले तर बरं: ३२ बोअरला ८ चौरस सेंमी, ४० ला १२.६, ५० ला १९.६, ६३ ला ३१.२, ८० ला ५०.३ आणि १०० ला ७८.५. रॉडच्या बाजूला रॉडचा एरिया वजा करायचा, ५० आणि ६३ दोन्हीला रॉड २० मिमीचा असतो म्हणजे ३.१ वजा, ६३ ला उरतात २८.

हे आकडे बघितले की वरचा किस्सा लगेच कळतो, ५० वरून ६३ वर गेलं की एरिया दीडपटीच्याही वर जातो, म्हणजे त्याच व्हॉल्व्हमधून त्याच नळीतून दीडपट जास्त हवा आणायची आणि काढायची, मग स्लो नाही होणार तर काय.

मग फ्लो, आणि इथेच सगळे फसतात

व्हॉल्व्हच्या कॅटलॉगमध्ये फ्लो लिहिलेला असतो, समजा ७०० लिटर पर मिनिट. हा आकडा बहुतेक वेळा नॉर्मल लिटरमध्ये असतो, म्हणजे मोकळ्या हवेचे लिटर. सिलेंडरच्या आत मात्र हवा दाबलेली असते. गेजवर ६ बार म्हणजे खरे ७ बार, कारण गेज शून्य दाखवतं तेव्हाही वातावरणाचा १ बार असतोच (पुण्यात उंचीमुळे तो ०.९५ च्या आसपास आहे, पण एवढ्याने आपलं काही अडत नाही). म्हणजे मोकळे ७ लिटर आत गेले की सिलेंडरमध्ये १ लिटर जागा भरते. हा ७ ने भागायचा विसरला की उत्तर सातपट मोठं येतं, आणि असे उत्तर घेऊन कोटेशन दिलेले लोक मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट म्हणजे तो ७०० कुठल्या कंडिशनला मोजलाय. बऱ्याच कंपन्या ६ बार आत आणि ५ बार बाहेर, म्हणजे १ बार पडू दिला तर किती फ्लो, असा आकडा देतात, त्याला क्यूएन म्हणतात. काही जण सीव्ही (फ्लोचंच दुसरं माप) देतात, तेव्हा त्याला साधारण ९८५ ने गुणलं की क्यूएन मिळतो. काहींमध्ये आयएसओ ६३५८ प्रमाणे सी व्हॅल्यू असते, ती मिळाली तर सोनंच, तिचा उपयोग पुढे सांगतो.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हवा फक्त व्हॉल्व्हमधून जात नाही. व्हॉल्व्ह, मग फिटिंग, मग ट्यूब, मग सिलेंडरवर बसवलेला एफसीव्ही (फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह), आणि परत येताना हेच उलट, वर शेवटी सायलेन्सर. यात सगळ्यात बारीक कोण आहे ते बघायचं. सगळ्यांचा मिळून फ्लो काढायला असं करतात की प्रत्येकाच्या क्यूएनचा वर्ग करायचा, १ भागिले तो वर्ग, सगळ्यांची बेरीज, आणि त्या बेरजेच्या वर्गमुळाने परत १ ला भागायचं. ऐकायला किचकट आहे, करायला एक मिनिट लागतं.

उदाहरण घेऊ. व्हॉल्व्ह ७००, एफसीव्ही पूर्ण उघडा असताना ४००, आणि दोन-तीन मीटरच्या ट्यूबचा धरू ५००. उत्तर येतं २८५. म्हणजे तुम्ही ७०० चा व्हॉल्व्ह विकत घेतला आणि वापरताय २८५. इथे व्हॉल्व्ह बदलून १४०० चा घातला तरी हे होतं ३०५ च्या आसपास, पैसे गेले वाया. त्याऐवजी एफसीव्ही एक साइज मोठा घ्या. घोडं कुठे पेंड खातंय ते आधी बघा आणि मग खर्च करा.

आता स्पीड, दोन बाजूंनी

आमचं उदाहरण पुढे चालू. ६३ बोअर, २० रॉड, १५० स्ट्रोक, जॉब ढकलणारा साधा पुशर, ६ बार, सगळं मिळून फ्लो २८५.

पहिला हिशोब भरणाऱ्या बाजूने. २८५ ला ६० ने भागलं, ४.७५ नॉर्मल लिटर पर सेकंद. त्याला ७ ने भागलं, ०.६८ लिटर. लिटरचे घन सेंमी (सीसी) करायला १००० ने गुणा, ६८० भागिले ३१.२, म्हणजे २१.८ सेंमी पर सेकंद. साधारण २२० मिमी पर सेकंद.

बहुतेक लोक इथेच थांबतात. मग मशीनवर सिलेंडर रिकामा चालवला की तो ४०० ने पळतो आणि ते म्हणतात फॉर्म्युला चुकीचा आहे. फॉर्म्युला चुकीचा नाहीये, तो जड लोडचा आहे. कारण क्यूएन म्हणजे फक्त १ बार पडलेला आहे, म्हणजेच पिस्टनच्या मागे जवळपास ५ बार उभे आहेत, आणि ते ५ बार कशाच्या तरी विरोधात उभे असणार ना, म्हणजे समोर दणकट लोड आहे.

दुसरा हिशोब सोडणाऱ्या बाजूने. हवेची एक गंमत अशी की बाहेरचं प्रेशर आतल्यापेक्षा बरंच कमी असेल (व्हॉल्व्हमध्ये साधारण एक तृतीयांश, चांगल्या आकाराच्या नॉझलला निम्म्याच्या आसपास) तर बारीक जागेतून हवा आवाजाच्या वेगाने जाते आणि त्याच्या वर जाऊच शकत नाही. मग आत ४ बार असो की ६, दर सेकंदाला सिलेंडरमधल्या त्या दाबलेल्या हवेचे तितकेच लिटर बाहेर जातात. प्रेशर वाढवलं तर हवा वजनाने जास्त जाते, पण आत दाबलेलीही जास्त असते, हिशोब बरोबरीत सुटतो. म्हणूनच नॉब फिरवून रिकामा सिलेंडर फास्ट होत नाही!

हे किती लिटर, तर तीच ती सी व्हॅल्यू. कॅटलॉगमध्ये नसेल तर क्यूएनला २५० ने भागा, अंदाजाला चालतं. २८५ भागिले २५० म्हणजे १.१४ लिटर पर सेकंद, धरा १.१२. पुढे जाताना हवा रॉडच्या बाजूने बाहेर पडते, तिथे एरिया २८. तर ११२० भागिले २८, ४० सेंमी पर सेकंद, म्हणजे ४०० मिमी.

झालं. रिकामा किंवा हलका चालला तर ४०० च्या जवळ, जड चालला तर २२० च्या जवळ. मधलं काय, तर मी हे एकदा बसून दोन्ही बाजूंचे फ्लो आणि फोर्स जुळवून काढलं होतं (घर्षणाला दीडशे न्यूटन धरून). ६३ बोअरचा ६ बारला थिऑरेटिकल फोर्स १८७० न्यूटन, म्हणजे १९० किलोच्या आसपास. लोड त्याच्या अर्धा, म्हणजे ९५ किलोचा विरोध असला तरी स्पीड ४०० वरून ३७० च्या आसपास येते, फार नाही. पण लोड ७०-७५ टक्क्यांवर गेला की धपकन २२० वर. त्याच्याही वर नेलं की पिस्टन कण्हत जातो आणि मधेच थांबतो. म्हणून सिलेंडर निवडताना लोड निम्म्याच्या आत ठेवा असं जे जुने लोक सांगतात ते उगाच नाही.

लोड म्हणजे मी चालीच्या विरोधातला जोर म्हणतोय हां, वजन नाही. एलएम गाइडवर (बेअरिंगवर सरकणारी सरळ पट्टी) आडवं सरकणारं ५० किलोचं टेबल म्हणजे ५० किलो लोड नव्हे, तिथे घर्षण किरकोळ असतं, त्रास असतो तो वेग घ्यायला आणि थांबवायला. उभा सिलेंडर असेल तर मात्र वजन पूर्ण मोजायचं, वर जाताना विरोधात आणि खाली येताना मदतीला.

रिटर्न फास्ट येतो हा गैरसमज

हायड्रॉलिकमध्ये काम केलेले लोक इथे हमखास चुकतात. तिकडे पंपाचा फ्लो ठरलेला, रॉड साइडचा एरिया कमी, म्हणून रिटर्न फास्ट. इथे उलट. मागे येताना हवा पूर्ण बोअरच्या बाजूने बाहेर पडते, ११२० भागिले ३१.२, म्हणजे ३६०. जाताना ४००, येताना ३६०, दोन्ही एफसीव्ही सारखेच उघडे असताना. ६३ ला फरक थोडा आहे, ३२ बोअर १२ रॉडला जरा जास्त जाणवतो.

स्पीड म्हणजे टाइम नव्हे

पार्टीला स्पीडशी घेणं नसतं, तिला टाइम हवा असतो. १५० मिमी भागिले ४०० म्हणजे ०.३८ सेकंद असं लिहून दिलं की अडकलात. याच्या आधी आणि नंतर बरंच काही असतं.

सोलेनॉइडला (व्हॉल्व्हच्या कॉइलला) करंट गेल्यापासून स्पूल (व्हॉल्व्हच्या आतला सरकणारा दांडा) हलेपर्यंत वीस-तीस मिलिसेकंद, हे ठीक, सोडून द्या. खरा वेळ खातं ते पुढचं. सिलेंडर मागे उभा आहे तेव्हा रॉडची बाजू ६ बारने गच्च भरलेली असते. लोड नसेल तर पिस्टन लगेच हलतो, पण अर्धा लोड असेल तर ती समोरची हवा २.८ बारपर्यंत उतरल्याशिवाय पिस्टन जागचा हलतच नाही. आपल्या उदाहरणात ती जागा ४२० सीसी, ट्यूब धरून ४८० सीसी, आणि १.१२ लिटर पर सेकंदाने ती उतरायला लागतो जवळपास पाव सेकंद. पाव सेकंद नुसतं उभं राहून! व्हॉल्व्हचा लाइट लागलाय, फुस्स आवाज येतोय, पिस्टन ढिम्म. आणि एफसीव्ही अर्धा बंद केला की हा वेळही दुप्पट होतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही, त्यांना वाटतं आपण फक्त चालायची स्पीड कमी केली.

शेवटी कुशन. शेवटच्या वीसेक मिमीमध्ये पिस्टन हळू होतो, कुशन स्क्रू किती कसलाय त्यावर दहावा हिस्सा सेकंद पण जाऊ शकतो, कधी त्याहून जास्त.

तर ०.२६ थांबायचे, ०.४ चालायचे, वर वेग घ्यायला आणि कुशनला मिळून अजून ०.१ ते ०.१५. अर्ध्या लोडला हा स्ट्रोक मी पाऊण ते ०.८ सेकंद धरीन. सायकल टाइम चार्टमध्ये तर सरळ १ सेकंद लिहीन, कारण चार महिन्यांनी सायलेन्सर तेलाने आणि धुळीने चोंदलेला असणार आणि तो कोणी साफ करणार नाही, हे मला माहितीये आणि तुम्हालाही.

उलटा हिशोब

डिझाइन करताना उलटं जायचं असतं, टाइम माहीत असतो आणि व्हॉल्व्ह निवडायचा असतो. ५० बोअर, २०० स्ट्रोक, अर्ध्या सेकंदात हवाय. १९.६ गुणिले २० सेंमी म्हणजे ३९२ सीसी, ०.३९ लिटर. गुणिले ७, २.७५ नॉर्मल लिटर. अर्ध्या सेकंदात म्हणजे मिनिटाला ३३०. पण हे नुसतं चालण्याचं झालं, उभं राहण्याचा आणि कुशनचा वेळ काढून चालायला ०.३५ सेकंदच मिळणार असतील तर ४७०. आणि हे ४७० सगळी साखळी मिळून हवेत, एकट्या व्हॉल्व्हचे नाही, म्हणजे व्हॉल्व्ह, एफसीव्ही आणि ट्यूब तिन्ही सारखेच धरले तर प्रत्येक जण ८०० च्या वर पाहिजे. पाव इंची पोर्टचा ५/२ (पाच पोर्ट, दोन पोझिशन) व्हॉल्व्ह बहुतेक पुरेल, पण तो पॅनलमध्ये पाच मीटर लांब ठेवून ६ मिमीच्या ट्यूबने जोडलात तर पालथ्या घड्यावर पाणी. व्हॉल्व्ह सिलेंडरच्या जवळ, ट्यूब आखूड आणि एक नंबर जाड, एल्बो कमीत कमी. ८ मिमीची पीयू ट्यूब आतून बहुतेक ५ चीच असते, बाहेरचा साइज बघून खूश होऊ नका.

मोजून बघा

हिशोब कागदावर ठीक, मशीनवर मोजलंच पाहिजे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोबाइलचा स्लो मोशन. रॉडच्या बाजूला स्टीलची पट्टी चिकटवा, रॉडच्या टोकाला मार्करने रेघ मारा, २४० फ्रेमवर शूट करा, एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. मधल्या १०० मिमीला किती फ्रेम लागल्या ते मोजा, ६० लागल्या तर पाव सेकंद, म्हणजे ४०० मिमी पर सेकंद. व्हॉल्व्हचा एलईडी पण फ्रेममध्ये घेतलात तर ते उभं राहण्याचं पाव सेकंद डोळ्यांनी दिसतं, पार्टीला दाखवायला हे फार कामाचं.

दुसरा मार्ग दोन रीड स्विच (पिस्टनमधल्या मॅग्नेटने चालू होणारे) आणि पीएलसीचा (मशीनच्या कंट्रोलरचा) टायमर. स्विच टोकाला लावू नका, टोकाला कुशन मोजलं जातं. मध्ये १०० मिमी अंतरावर लावा आणि दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिशेने बसवलेले ठेवा, म्हणजे मॅग्नेट थोडा आधी पकडतो ती चूक दोन्हीकडे सारखी होऊन कटते. पीएलसीचा स्कॅन १० मिलिसेकंद असेल तर २५० मध्ये १० म्हणजे ४ टक्क्यांची चूक, आपल्या कामाला चालते.

मोजलेली स्पीड हिशोबापेक्षा खूप कमी आली तर आधी सायलेन्सर काढून एक स्ट्रोक मारा, लगेच कळतं. मग सिलेंडरच्या पोर्टपाशी टी टाकून गेज लावा. एफआरएलवरचं गेज पिस्टन चालताना ६ वरून साडेचारवर डुबत असेल तर दोष सिलेंडरमध्ये नाही, मागून हवाच येत नाहीये, एफआरएल छोटं आहे किंवा एकाच लाइनवर चार मशीन टांगलीयेत.

फास्टच करायचं असेल तर क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सिलेंडरच्या पोर्टवर लावा, हवा ट्यूब आणि मेन व्हॉल्व्हमधून न जाता तिथेच बाहेर पडते, उभं राहणं पण कमी होतं आणि पळणं पण वाढतं. फक्त आवाज फार येतो, आणि कुशनवर नजर ठेवा. स्पीड दुप्पट म्हणजे आपटण्याची एनर्जी चौपट: १० किलोचं टूलिंग ४०० ने आलं तर ०.८ जूल, ८०० ने आलं तर ३.२ जूल, प्रत्येक सायकलला. कॅटलॉगमध्ये कुशनची लिमिट दिलेली असते, त्याच्या वर जात असाल तर बाहेरून शॉक अॅब्सॉर्बर लावा.

स्लो करायचं असेल तर ५० मिमी पर सेकंदाच्या खाली साध्या सिलेंडरकडून अपेक्षा ठेवू नका, तो अडखळत, टप्प्याटप्प्याने, बैलगाडीसारखा जातो. तिथे लो स्पीडचा सिलेंडर घ्या नाहीतर हायड्रो चेक युनिट (तेलाने चाल आवरणारं) लावा.

आणि एक सावधगिरी, यात आमच्या फिटरचं बोट थोडक्यात वाचलंय. एफसीव्ही बाहेर जाणारी हवा अडवतो, पण इमर्जन्सी दाबून लाइन रिकामी झाली असेल तर समोर अडवायला हवाच नसते. परत प्रेशर आलं की पहिला स्ट्रोक बंदुकीच्या गोळीसारखा जातो, तुमचा सगळा स्पीडचा हिशोब त्या एका स्ट्रोकला लागू नाही. म्हणून एफआरएलच्या पुढे सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह (प्रेशर हळूहळू सोडणारा) टाका आणि पहिल्या स्ट्रोकला कोणाचाही हात आत नको. सेटिंग झालं की एफसीव्हीचा लॉकनट कसून त्यावर ऑइल पेंटची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे रात्रपाळीत कोणी फिरवला तर सकाळी दिसतं.